डबा हालते म्हणून

आमच्याकडे चाकांवरचं घर आलं त्याचं कारण संडास. सुरुवातीलाच असं लिहिणं बरं दिसत नाही, पण दुसरं कारण नव्हतंच.

मी मेहकरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन फिरायचं असं मी बरीच वर्षं बोलत होतो. तिचीही ना नव्हती. पण तिचे गुडघे गेलेले, उकिडवं बसता येत नाही. कुठं निघायचं ठरलं की ती सकाळपासून पाणी पिणं बंद करायची, म्हणजे वाटेत कुठं उतरायला नको. एकदा लग्नाला जाताना अशीच कोरडी राहून ती आजारी पडली आणि परत आल्यावर तिने शांतपणे सांगून टाकलं, "मी कुठंबी येईन. पण माझा संडास माझ्यासंगं पायजे."

हे मी पुण्याला असलेल्या आमच्या मुलाला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. त्याने मात्र ते मनावर घेतलं. काही महिन्यांनी त्याने कुणाचा तरी जुना ट्रॅव्हल ट्रेलर शोधून काढला. जीपच्या मागे जोडून ओढायची पांढरी खोली. आत एक पलंग, घडीचं टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि एका अरुंद दारामागे कमोड. बायकोने सगळ्यात आधी ते दार उघडलं, आत जाऊन बसून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "चांगलं हाय."

आमच्या मेहकरच्या गल्लीत तो शिरेना, म्हणून सुलतानपूरला तिच्या धाकट्या भावाच्या मळ्यात नेऊन उभा केला. माझा हा साळा वांगी, टमाटे, मिरची लावतो. त्याच्याकडे बोलेरो आहे आणि ट्रेलर ओढायचं त्याने आनंदाने कबूल केलं होतं. मळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ट्रेलरला पहिल्याच दिवशी 'डबा' म्हणायला सुरुवात केली. आम्हीही तेच म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दोघं डब्यात आडवे झालो. खिडकीतून वाऱ्याची झुळूक येत होती, बाहेर मोटारीचं पाणी पडत होतं. माझा डोळा लागणार तेवढ्यात बायको उठून बसली. पलंगाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"काय झालं?"

"हे हालते."

मी म्हटलं, चाकांवर आहे, थोडं हालणारच. मी उठून दारापर्यंत गेलो, तर खरोखरच जमीन पायाखाली डुलली. कोपऱ्यांना चार जॅक होते, खाली सोडलेले होते, चाकांना दगड लावलेले होते, तरी डबा डावी-उजवीकडे झोका घेतल्यासारखा करत होता. साळा आत आला तेव्हा तर टेबलावरचा पाण्याचा तांब्या हिंदकळला.

बायको खाली उतरली ती बाहेरच्या खाटेवर जाऊन बसली. "मी याच्यात झोपणार नाई," ती म्हणाली. रागाने नाही. भाजी महाग आहे म्हणून घेत नाही, असं सांगावं तसं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, असं सगळ्यांचं होतं, जॅक फक्त उचलून धरतात, आडवा हेलकावा थांबवत नाहीत. त्यासाठी वेगळ्या तिरप्या नळ्या मिळतात. एक टोक जॅकच्या पायाशी, दुसरं वर चासीला. दोन्हींच्या मध्ये त्रिकोण झाला की हालणं बंद. त्याने त्या परदेशातून मागवल्या आणि एक लांबट, जड खोकं कुरिअरने मेहकरला आलं.

साळ्याने खोकं उघडून नळ्या हातात घेतल्या आणि त्याला एकदम उलगडा झाला. "भाऊजी, हे तर कैच्या आहेत. शेडच्या पत्र्याखाली मारतेत तशा." मग आम्हीही त्यांना कैच्याच म्हटलं. पण त्याला झालेला उलगडा तेवढ्यावरच थांबला.

सोबत छापील कागद होता. त्यातलं इंग्रजी मला वाचता येत होतं. वाक्यं कळत होती; पण वाचून वर पाहिलं की समोर जे होतं त्याच्याशी ती वाक्यं जुळत नव्हती. चित्रातल्या ट्रेलरचे जॅक कात्रीसारखे उघडणारे होते, आमचे सरळ खांबासारखे खाली येणारे. चित्रात चासीला मधोमध एक आडवी पट्टी होती, आमच्याकडे तिथे पाण्याची टाकी. शिवाय नळ्या दोन मापांच्या होत्या आणि कोणत्या कुठे, हे कागदावर फक्त बाणांनी दाखवलं होतं. बाण सगळे एकमेकांसारखे.

मी आणि साळा पोतं अंथरून डब्याखाली शिरलो. आयुष्यभर मी मुलांना दिशा शिकवल्या. पण पाठीवर झोपून, डोकं मागच्या चाकाकडे करून वर पाहिल्यावर डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे मला सांगता येईना. मी म्हणायचो "डाव्या अंगाचा", साळा दुसऱ्याच जॅकला हात लावायचा. तो माझ्या उलट्या बाजूला डोकं करून झोपलेला. शेवटी आम्ही ठरवलं की विहिरीकडचा आणि वांग्याकडचा असं म्हणायचं. त्याने काम थोडं पुढे गेलं.

पहिल्यांदा आम्ही सगळे बोल्ट गच्च आवळून टाकले. मग जॅक खाली करायला गेलो तर जॅक हालेचना. कैच्यांनी त्याला वरच धरून ठेवलं होतं. सगळं सोडलं. जॅक आधी खाली घ्यायचा, डबा पाणसळीत आणायचा आणि मग नळीच्या मधली मूठ आवळायची, हे कागदात होतं. मी ते वाचलंही होतं. वाचताना मला वाटलं होतं की ते प्रवासाला निघतानाचं आहे.

साळ्याचं मत होतं की बोल्टबिल्ट सोडून सरळ वेल्डिंग मारावं. "एकदा मारलं का हालायचं नाव नाई." मी म्हटलं, मग प्रवासाला निघताना जॅक वर कसे घ्यायचे? त्यावर तो बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "हाव, तेबी हाय." चासीला भोकं पाडताना ड्रिलचा बिट तुटला. दुसरा आणायला लोणारला जावं लागलं. तो मिळाला तो किंचित मोठा, म्हणून जास्तीचे वायसर घातले. असं करत करत त्या कैच्या एकदाच्या बसल्या.

बायको वर डब्यात उभी होती. तिला आम्ही तपासणीला ठेवलं होतं. साळा खालून ओरडायचा, "ताई, चाल." ती चालायची. "हालते का?"

"हालते."

"कुठून हालते? वांग्याकडून का विहिरीकडून?"

"सगळीकडून."

आम्ही मुठी पुन्हा आवळायचो. पुन्हा तेच. मी बाहेर येऊन स्वतः आत गेलो, दारापासून पलंगापर्यंत पाय आपटत चाललो. काही हाललं नाही. साळा आला, तो माझ्यापेक्षा चांगला दांडगा आहे, त्याने तर एक उडी मारली. डबा जागचा हलला नाही. मळ्यात मिरची तोडायला आलेल्या बाया पाहायला आल्या होत्या, त्यांनाही आत बोलावलं. सगळ्या एकदम आत शिरल्या, कमोड पाहून हसल्या, पलंगावर बसल्या, उठल्या. टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला होता. त्यातला थेंब सांडला नाही.

"आता?" मी बायकोला विचारलं.

ती पलंगावर आडवी झाली, कुशीवर वळली आणि लगेच उठून बसली. पलंगाची कड तशीच धरलेली. "हालते," ती म्हणाली.

मिरची तोडणाऱ्यांपैकी एक म्हातारी बाई तिच्याजवळ बसली आणि तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "नाई हालत वं बाई." बायकोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत मला काय दिसलं ते मला तेव्हा समजलं नाही. आम्ही सगळे मिळून तिला खोटं पाडतोय असं तिला वाटलं असावं. पण मला वाटलं की ती काहीतरी लपवतेय.

साळ्यालाही तसंच वाटलं. बोलेरोत आम्हाला मेहकरला सोडताना, बायको मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली असताना, तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू. ताईले जायचंच नसीन. तुमी एवढं करून राह्यले म्हणून बोलत नसीन ती."

ते माझ्या डोक्यात बसलं. पुढचे काही दिवस मी त्याच विचारात होतो. ती रोजच्यासारखी वागत होती, स्वयंपाक, देवपूजा, शेजारणीशी बोलणं. मी तिच्याकडे पाहून अंदाज बांधायचा प्रयत्न करत होतो. संडासाची अट ही खरंच अट होती की न जाण्याचं कारण होतं? मी ती अट पुरी केली आणि मग तिला दुसरं कारण शोधावं लागलं, असं झालं का? इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपल्या बायकोला फिरायला आवडतं की नाही हे आपल्याला नक्की सांगता येत नाही, याचं मला नवल वाटलं. मी आठवून पाहिलं, तर दोन्ही बाजूंचे पुरावे सापडत होते.

शेवटी सरळ विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"तुले जायचं नाई का?"

"कुठं?"

"कुठंबी. डबा घेऊन."

"जायचं हाय ना," ती म्हणाली. "मी काऊन नाई म्हणीन?"

"मंग हालते हालते काय करतं?"

तिने लाटणं ठेवलं. "हालते म्हणून हालते म्हणते. नाई हालत असं म्हणू का? तुमाले बरं वाटीन तर म्हणते."

तिने पोळी तव्यावर टाकली.

नंतर एका सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो आणि ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. वर पाहून तिने दोरीवरचा चिमटा काढला आणि एकदम ओट्याचा खांब धरला. धरून तशीच उभी राहिली. मी विचारलं, काय झालं.

"काही नाई. खांब हालला."

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी आधी खांबाकडे पाहिलं. सिमेंटचा, पक्का, मी स्वतः समोर उभं राहून भरून घेतलेला.

"खांब कसा हालीन?"

"मले काय ठाऊक. आजकाल थोडं थोडं सगळंच हालते." मग माझा चेहरा पाहून ती थांबली. "मले वाटलं, तुमालेबी हालत असीन. वय झालं का सगळ्यालेच हालत असीन."

मी उठलो आणि तिला धरून खुर्चीवर बसवलं. तिला ते आवडलं नाही. काही झालेलं नसताना धरून कशाला बसवता, असं तिचं म्हणणं. माझ्या मनात मात्र एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे भीती, डोक्यात काही झालं असेल की काय. आणि दुसरी, सांगायला लाज वाटावी अशी, सुटका. म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. तिला यायचं होतं.

बुलढाण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे साळा आम्हाला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासणीच्या टेबलावर बसवलं, डोकं एका बाजूला वळवलं आणि एकदम मागे आडवं केलं. तिने माझा हात इतका आवळला की माझी अंगठी बोटात रुतली. तिचे डोळे उघडे होते आणि बुबुळं आपोआप झटके देत होती, चालत्या बसच्या खिडकीतून विजेचे खांब मोजणाऱ्यासारखी. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिला ओकारी झाली.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं की, कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते. तिथे चुन्यासारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत शिरले की डोकं एका ठरावीक बाजूला वळल्यावर माणसाला सगळं हलतंय असं वाटतं. गंभीर नाही. त्यांनी तिचं डोकं या बाजूला, मग त्या बाजूला, मग कुशीवर असं सावकाश वळवलं आणि प्रत्येक वेळी थोडं थांबल्या. ते कण परत जागेवर घालायची ही रीत आहे म्हणे. औषध फार काही नाही.

"हे कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "डबा आल्यापासून." बायको म्हणाली, "त्याच्या आधीपासून." मग ती म्हणाली, "नाई, नंतरच. आधी होतं ते वेगळं होतं." मी विचारलं, वेगळं म्हणजे कसं. ती म्हणाली, "ते बारीक होतं." डॉक्टरीणबाई आमच्या दोघांकडे आलटूनपालटून पाहत राहिल्या. डबा म्हणजे काय, हे साळ्याने त्यांना समजावलं, ते पहिल्या खेपेला त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं आम्ही रेल्वेच्या डब्याबद्दल बोलतोय आणि बुलढाण्याला रेल्वे कुठून आली.

एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली आणि माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. घरी कोणत्या कुशीवर झोपता? बायको घरी भिंतीकडे तोंड करून, नेहमी डाव्या कुशीवर झोपते. डब्यातला पलंग उलट्या बाजूला आहे. तिथे खिडकीकडे तोंड केलं की उजवी कूस होते. बिघडलेला कान उजवाच होता.

पंधरवड्याने पुन्हा एकदा दाखवून आलो आणि मग सुलतानपूरला मळ्यात गेलो. बायको डब्यात चढली, आडवी झाली, उजव्या कुशीवर वळली. मी आणि साळा दारात उभे. ती बराच वेळ तशीच पडून राहिली.

"हालते का?" साळ्याने विचारलं.

"नाई हालत."

साळ्याला तेवढ्याने चैन पडेना. एवढी भोकं पाडून, बिट तोडून बसवलेल्या कैच्या कामाच्या आहेत की नाहीत, हे त्याला पाहायचं होतं. त्याने खाली जाऊन सगळ्या मुठी सैल केल्या आणि मला आत चालायला लावलं. पलंगावरून बायको म्हणाली, "आता हालते." मलाही ते जाणवलं. डबा पहिल्या दिवशीसारखा डुलत होता. मुठी आवळल्यावर थांबला. साळा समाधानाने हात झटकत वर आला. "म्हंजे डबाबी हालत होता अन् ताईबी," तो म्हणाला. "दोन रोग होते. दोन्हीचा इलाज झाला."

त्याच्यापुरता हिशेब पुरा झाला. माझा अजून झालेला नाही. पहिल्या दुपारी ती पलंगाची कड धरून बसली, तेव्हा तिला काय हालत होतं? डबा की कान? मी तिला दोन-तीनदा विचारलं. पहिल्यांदा ती म्हणाली, दोन्ही असीन. दुसऱ्यांदा म्हणाली, डबाच होता, तांब्याबी हिंदकळला होता की. तिसऱ्यांदा ती वैतागली. "हालत होतं हे खरं होतं ना? मंग झालं. कोण हालवत होतं ते काऊन पाह्यजे तुमाले?"

थंडी पडल्यावर आम्ही निघालो. बुऱ्हाणपूरपर्यंत जायचं ठरलं होतं. साळा बोलेरो चालवत होता, मी त्याच्या शेजारी, बायको मागे. आमच्या मागे डबा येत होता आणि गावागावांत लोक वळून पाहत होते. पहिला मुक्काम जळगाव जामोदच्या पलीकडे, साळ्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेत. दिवस मावळायला अजून अवकाश होता. आम्ही जॅक खाली घेतले आणि मी व साळा कैच्यांवरून पुन्हा वाद घालू लागलो. इथे ना विहीर होती ना वांगी, त्यामुळे कोणती मूठ आधी, हे एकमेकांना सांगायची पंचाईत झाली. अखेर बायको खाली उतरली, डब्याला एक चक्कर मारली आणि एकेका मुठीवर हात ठेवून "ही, मंग ही" असं दाखवत गेली. ते बरोबर होतं की नाही मला माहीत नाही. डबा हालला नाही एवढं खरं.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले. हातात काठी, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. डब्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "डोळे तपासाले आले का?"

मी सांगितलं, ही फिरत्या दवाखान्याची गाडी नाही, आमचं राहायचं घर आहे. त्यांना ते पटलं नाही. बायकोने त्यांना आत बोलावलं आणि चहा ठेवला. ते पलंगाच्या कडेवर अवघडून बसले, शेगडी पाहिली, टेबल पाहिलं, अरुंद दार उघडून आतलं पाहिलं आणि ते लावून घेतलं. चहा पिताना त्यांनी बायकोला विचारलं, "मंग तुमचं घर कुठं हाय?"

"मेहकरले."

"मंग तथी काऊन नाई राहत?"

"राहतो ना. तथीच राहतो," बायको म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कप खाली ठेवला, मग चष्मा काढून बायकोपुढे धरला आणि म्हणाले, डोळे तपासणारे नसले तरी निदान काचा पुसाले काही हाय का. तिने पदराने पुसून दिल्या.